‘कुत्रं चालेल का?’ असं विचारूच नका

पत्र

आमच्या घरमालकांनी घर विकायचं ठरवलंय आणि आम्हाला दोन महिन्यांची नोटीस दिली आहे. भांडण वगैरे काही नाही, उलट पाच वर्षं छान गेली. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची कुत्री झिपरी (18 किलो, अमुक जातीची असं काही नाही) आणि सहा वर्षांचा बोका गुंड्या. दोघांच्याही नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. आत्तापर्यंत अकरा ठिकाणी विचारून झालं. फोनवर सगळं जुळत येतं, मग मी विचारते, ‘कुत्रं-मांजर चालेल ना?’ आणि पलीकडून ‘नाही’ येतं. दोघांनी तर फोनच ठेवला. एक घर मिळतंय, पण मालक म्हणतात कुत्री एक वेळ चालेल, मांजर नको. नवऱ्याचं म्हणणं, बोका दिवसभर पलंगाखालीच तर असतो, सांगायचंच नाही. शिवाय आम्ही बाहेर पडलो की झिपरी थोडा वेळ भुंकते. तेही सांगावं की नाही कळत नाही. दोघांपैकी एकाला सोडून जाणं मला जमणार नाही. काय करू?
— पेट्या बांधायला घेतलेली

उत्तर

बोक्याचं आधी. लपवू नका. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातला हा प्रकार होईल, आणि इथे तर खुद्द मांजराचाच मामला आहे. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, बोक्याच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीची कचऱ्यात टाकलेली पिशवी, दुपारी खिडकीत ऊन खात बसलेला गुंड्या, यांपैकी काहीतरी महिन्याभरात बोलतंच. करारात प्राण्यांना मनाई असेल तर घर खाली करायला सांगण्यासाठी मालकांना आयतं आणि कायदेशीर कारण मिळतं. खरं नुकसान त्याच्या पुढचं आहे. आज तुमच्या हातात पाच वर्षांच्या घरमालकांचा चांगला शब्द आहे. लपवाछपवी उघडी पडली की पुढच्या शोधात तो शब्द नसतो, आणि मग बाराव्या काय, बाविसाव्या दारातही कुणी ऐकून घेत नाही.

‘कुत्री चालेल, मांजर नको’ म्हणणारं घर मात्र सोडू नका. असा उलटा नकार सहसा एकाच गोष्टीवरून येतो, बोक्याच्या मुताच्या वासावरून. एखाद्या जुन्या भाडेकरूच्या नसबंदी न झालेल्या बोक्याने दाराच्या चौकटीवर फवारे मारलेले असतात आणि तो वास मालकांच्या नाकात बसलेला असतो. नसबंदीनंतर बहुतेक बोके फवारे मारणं सोडतात. ही गोष्ट मालकांना ठाऊक असेलच असं नाही, आणि तुम्ही ती सांगितलेली नाही. त्यांच्याकडे परत जायचंय, पण कागद तयार करून.

आता अकरा नकारांकडे वळू. ते प्राण्यांमुळे आले त्याहून जास्त प्रश्नामुळे आले. ‘चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला पाच सेकंदांत ठरवावं लागतं आणि त्याच्याकडे माहिती शून्य असते. अशा वेळी माणूस ऐकलेल्यातला सगळ्यात वाईट किस्सा आठवतो आणि नाही म्हणतो. त्याच्या जागी तुम्हीही तेच कराल. तुम्हाला परवानगी मागायची नाहीये. त्याच्या डोक्यातल्या खर्चाचं उत्तर त्याने विचारायच्या आत पुढे ठेवायचंय.

तो खर्च कुठला ते नीट समजून घ्या, म्हणजे कागदात काय लिहायचं ते आपोआप कळेल. पहिला मूत्र. लाकडी किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या जमिनीत ते सांध्यांमधून खाली उतरतं, पट्टीची कड फुगते आणि वरून कितीही पुसलं तरी ती बसत नाही, पट्टीच बदलावी लागते. फरशीवर तेवढी भीती नसते, पण फरशांमधल्या भरणीत वास मुरतो. मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते सावकाश तुटत जातं आणि त्यातून गंधकाची उग्र वासाची संयुगं तयार होतात. म्हणून आज न आलेला वास चार दिवसांनी येतो, आणि पुसलं होतं की नाही यावरून वाद सुरू होतो. दुसरा खर्च दारांचा: मागे राहिलेली कुत्री दाराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नखं मारते, नेमकं कडी आणि चौकटीच्या जवळ. तिसरा पिसवा. घर रिकामं झालं की पिसवाही गेल्या असं वाटतं, पण त्यांचे कोष गालिच्यात नाहीतर फटीत महिनोन्‌महिने टिकतात आणि नव्या भाडेकरूच्या पावलांच्या कंपनाने, अंगाच्या उबेने फुटतात. शिव्या खातो तो मालक. चौथी गोष्ट खर्चाची नाही, डोकेदुखीची आहे: शेजाऱ्यांचे फोन. आमच्या मते बहुतेक मालकांना पहिल्या तिघांपेक्षा याचंच भय जास्त असतं, कारण पैसे अनामतीतून कापता येतात, शेजारी कापता येत नाही.

म्हणून भुंकण्याचा प्रश्न झाकू नका आणि तसाच ठेवूही नका. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, हे तुम्हालाही माहीत नसणार, कारण तेव्हा तुम्ही घरात नसता. आज-उद्याच मोजा. जुना फोन किंवा लॅपटॉप दाराकडे तोंड करून चित्रीकरणावर ठेवा आणि नेहमीसारखे दोघंही दीड-दोन तास बाहेर जा. एकटेपणाने कासावीस होणारी कुत्री बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच ते दाखवते: येरझाऱ्या, धापा, दाराशी घुटमळणं, लांबवलेला रडका सूर. तसं काही नसून जिन्यात पाऊल वाजलं की चार वेळा भुंकून ती पुन्हा आडवी होत असेल तर प्रकरण हलकं आहे. तिची जागा दारापासून लांबच्या खोलीत करा, खिडकीचा खालचा भाग झाका, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा, आणि निघताना पंधरा-वीस मिनिटं चघळत बसेल असं काहीतरी द्या.

पहिला प्रकार असेल तर सराव लागेल, आणि तो या दोन महिन्यांत सुरू करण्याजोगा आहे. किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा बसायचं. चपला घालायच्या, दार उघडायचं, परत यायचं. मग दहा सेकंद बाहेर, तीस सेकंद, दोन मिनिटं. ती शांत असतानाच आत यायचं, भुंकायला लागल्यावर नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात. दोन मिनिटं जमली की थेट तासभर जातात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. एकदा अर्धा तास निभावला की पुढची वाढ सहसा भरभर होते. या काळात कामासाठी जावंच लागलं तर कुणालातरी तिच्याजवळ बसवा, कारण प्रत्येक घाबरलेला एकांत सरावाला मागे ओढतो. कुत्री स्वतःला इजा करून घेत असेल, दात-नखं रक्ताळत असतील तर पशुवैद्याकडे जा. काहींना औषधाची जोड लागते, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. आणि एक धोक्याचा कंदील. सराव जुन्या घरात पक्का झाला तरी नव्या घरात तो पहिल्या पायरीपासून, थोडा भरभर का होईना, पुन्हा करावा लागतो. त्यासाठी दोघांपैकी एकाची आठवडाभराची रजा आत्ताच धरून ठेवा.

कागद म्हणजे प्रत्येक प्राण्याचं एक पान, एकाच फाइलमध्ये. वर एक फोटो. टोपी घातलेला नको, जीभ बाहेर काढून अंगावर उडी मारणाराही नको. घरात चटईवर झोपलेली झिपरी दिसली की तिचा आकारही कळतो आणि स्वभावही. खाली नाव, वय, वजन, नर की मादी, नसबंदीचा महिना आणि वर्ष. तुमच्याकडे किती वर्षांपासून आहे. दिवसभरात किती वेळ एकटी राहते आणि त्या वेळी कोण येऊन पाहतं. बाहेर किती वेळा नेता. गुंड्याच्या पानावर: घराबाहेर जात नाही, मातीचे ट्रे दोन (एका मांजराला एक आणि वर एक, हा साधा हिशेब), रोज किती वेळा साफ होतात, ओरखडायला खांब आहे. खांब नसेल तर आजच आणा. सुतळ गुंडाळलेला, निदान 90 सेंटिमीटर उंच, आणि बूड इतकं जड की मांजर पूर्ण ताणून लटकलं तरी डगमगणार नाही. डुगडुगणारा खांब मांजर एकदा वापरून बघतं आणि मग सोफ्याकडे वळतं.

लसीचं कार्ड जोडताना तारखा तुम्ही आधी वाचा. रेबीजच्या लसीची पुढची तारीख उलटून गेलेलं कार्ड दाखवणं हे न दाखवण्यापेक्षा वाईट. रकान्यात लसीचं लेबल, दिल्याची तारीख, पुढची तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का असं चारही दिसायला हवं. शिक्का राहिलेला असेल तर दवाखान्यात जाऊन मारून आणा. तिथे गेलाच आहात तर दोन ओळींचं पत्रही मागा: लसी पूर्ण, नसबंदी झालेली, पिसवा-गोचिडींवर नियमित औषध चालू, तपासताना कुणाला चावण्याचा प्रयत्न केला नाही. मायक्रोचिप (कातडीखालची ओळख पटवणारी चिप) बसवली असेल तर तिचा 15 अंकी क्रमांक पानावर लिहा. मालकाला त्या क्रमांकाचा थेट उपयोग काहीच नाही, पण हा माणूस जबाबदार आहे एवढं ती एक ओळ सांगून जाते.

या सगळ्यापेक्षा वजनदार कागद सध्याच्या घरमालकांचा. ‘चांगले भाडेकरू आहेत’ असं मोघम पत्र निरुपयोगी आहे. त्यांना मुद्दे द्या: प्राणी किती वर्षं या घरात राहिले, जमीन-दारं-भिंतींना त्यांच्यामुळे काय झालं (काही झालं असेल आणि तुम्ही दुरुस्त करून दिलं असेल तर तेही लिहू द्या, त्याने पत्र खरं वाटतं), शेजाऱ्यांची तक्रार आली का, भाडं वेळेवर मिळालं का, आणि फोन केला तर ते बोलतील का. त्यांना घर विकायचंय, म्हणजे गिऱ्हाईक बघायला येणारच. तेव्हा घर स्वच्छ, बिनवासाचं ठेवायला तुम्ही मदत करा, ते पत्राला खुशीने तयार होतील. वरच्या मजल्यावरचे किंवा भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी दोन ओळी लिहून देत असतील तर फारच उत्तम. भुंकण्याबद्दल मालकांच्या शब्दापेक्षा शेजाऱ्याचा शब्द मोठा.

आता शोध. ‘पाळीव प्राणी चालतील’ अशा खुणेवर गाळून निघणारी घरं मोजकीच असतात आणि त्यांच्यावर सगळ्यांच्याच उड्या पडतात. तुमचं घर बहुधा त्या यादीच्या बाहेर आहे, जिथे जाहिरातीत प्राण्यांचा उल्लेखच नाही अशा ठिकाणी. थेट मालकाशी बोलता येईल अशी घरं आधी घ्या. मध्ये एजंट असला की तो तुमची फाइल पुढे पाठवत नाही, ‘कुत्रंवाले आहेत’ एवढंच सांगतो. एजंट टाळता येत नसेल तर त्याला आधीच सांगा की प्राण्यांची माहिती तुमच्या शब्दांत मालकापर्यंत पोचली तरच घर बघायला याल. तळमजला, स्वतंत्र घर, फरशी असलेलं घर, महिना-दीड महिना रिकामं पडलेलं घर, या ठिकाणी बोलणं पुढे जातं. रिकामा प्रत्येक महिना म्हणजे मालकाचं महिन्याचं भाडं बुडालेलं असतं, आणि नीट कागदांचा भाडेकरू अशा वेळी वेगळा दिसतो. इमारतीत राहायचं असेल तर मालकाच्या होकाराआधी इमारतीचे नियम लेखी बघा. मालक हो म्हणाले आणि समितीने दुसऱ्या दिवशी लिफ्टवरून भांडण काढलं, असं होतं.

पहिला निरोप फोनवर नको, लेखी हवा. फोनवर माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, लिहिलेलं तो दोनदा वाचतो आणि घरात दुसऱ्याला दाखवतो. साधारण असा:

‘नमस्कार. तुमच्या दोन खोल्यांच्या घराची जाहिरात पाहिली. आम्ही नवरा-बायको, दोघंही नोकरी करतो, आत्ताच्या घरात पाच वर्षं राहिलो, एकदाही भाडं थकलेलं नाही. ते घर विकलं जातंय म्हणून शोधतो आहोत. आमच्यासोबत एक चार वर्षांची कुत्री आणि एक सहा वर्षांचा बोका आहे. दोघांची नसबंदी झालेली आहे, लसी पूर्ण आहेत. त्यांची माहिती, पशुवैद्यांचं पत्र आणि सध्याच्या घरमालकांचं पत्र सोबत जोडलं आहे. प्राण्यांमुळे झालेली कुठलीही नासधूस आमच्या खर्चाने दुरुस्त करून देऊ आणि घर सोडताना पिसवांसाठी फवारणी व सफाई करून देऊ, हे करारात लिहून द्यायची तयारी आहे. घर बघायला शनिवारी सकाळी येऊ का? त्याआधी आमचं आत्ताचं घर तुम्ही येऊन पाहिलंत तर आम्हाला आवडेल.’

यात प्राणी चौथ्या-पाचव्या वाक्यात येतात. पहिल्या ओळीत नाहीत, शेवटी तळटीपेतही नाहीत. आधी तुम्ही भाडेकरू म्हणून उभे राहता, मग तुमची मंडळी. आणि शेवटी जो प्रश्न आहे त्याचं उत्तर ‘हो, या’ किंवा ‘रविवारी या’ असं देता येतं. शेवटचं वाक्य तर हुकमाचा एक्का. पाच वर्षं प्राणी राहिलेल्या घरात येऊन मालकाला काहीच वास आला नाही, तर पुढचं अर्धं बोलणं वाचतं. मात्र त्याआधी कधीतरी बाहेरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला बोलावून विचारा. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही.

भुंकण्याबद्दल या निरोपात काही लिहिलेलं नाही, ते भेटीत बोलायचं, नेमक्या आकड्यात: ‘आम्ही बाहेर पडल्यावर ती साधारण सहा मिनिटं भुंकायची, सराव घेतोय, आता दोन मिनिटांवर आलंय, हे बघा चित्रीकरण.’ अर्थात आकडे तुमचे खरे असतील तेच. शेजाऱ्यांना तुमचा फोन नंबर तुम्हीच द्याल, म्हणजे तक्रार आधी तुमच्याकडे येईल, हेही तेव्हाच सांगा. मालकाच्या खांद्यावरचं ओझं तिथे उतरतं.

झिपरीला भेटवायची वेळ आली तर त्याआधी तिला चांगलं तासभर चालवून आणा. नखं दोन दिवस आधी कापा, फरशीवर चालताना टकटक ऐकू येता कामा नये. पट्टा आखूड धरा, मालकांना तिच्याकडे जायला सांगू नका, तिला त्यांच्याकडे जाऊ द्या. गुंड्याला कुठेही नेऊ नका. अनोळखी जागी मांजर एकतर दडून बसतं नाहीतर फिस्कारतं, दोन्हींचा उपयोग नाही. त्याचा फोटो पुरे.

पैशांवर बोलणं आलं की तीन प्रकार समोर येतात आणि ते सारखे नाहीत. वाढीव अनामत परत मिळते, म्हणून तुमची पहिली पसंती तीच असू द्या. दुसरा प्रकार दरमहा वाढीव भाड्याचा. 5 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण 12 महिन्यांत ते एका महिन्याच्या भाड्याच्या 60 टक्के होतात आणि घर आरशासारखं परत केलं तरी गेलेले पैसे येत नाहीत. तिसरा, ठरावीक रकमेची ‘प्राणी फी’, हीसुद्धा परत न मिळणारी. ती दिली तर सोडतानाची सफाई तिच्यात धरलेली आहे असं लिहून घ्या, नाहीतर एकाच सफाईचे दोनदा पैसे जातात. अनामत किती घेता येते यावर बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा असते, ती तुमच्या भागात किती आहे ते आधी पाहा. हे पैसे पहिल्याच निरोपात देऊ करू नका. मालक अडून बसले आणि घर खरोखर मनात भरलं असेल तेव्हा वापरायचं हे पान आहे.

होकार तोंडी मिळाला की लोक हुरळून सही करतात, आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते. करार छापील नमुन्यावर असतो, आणि त्याच्या आतल्या कुठल्यातरी पानावर ‘भाडेकरूने कोणताही प्राणी पाळू नये’ हे वाक्य तसंच राहिलेलं असतं. तोंडाने हो म्हटलेलं त्या वाक्यापुढे टिकत नाही. मालकांची नियत खोटी असेलच असं नाही. पण तुमचंच उदाहरण घ्या: घर विकलं गेलं आणि नवे मालक आले तर त्यांच्या हातात फक्त कागद असतो. ते वाक्य खोडून दोघांनी बाजूला सह्या करा आणि त्या जागी असं काही घाला:

‘भाडेकरूस या घरात एक कुत्री (झिपरी, वय 4 वर्षे, सुमारे 18 किलो) व एक बोका (गुंड्या, वय 6 वर्षे) कराराच्या व त्याच्या नूतनीकरणाच्या संपूर्ण काळात ठेवण्यास मालकाची संमती आहे. प्राण्यांमुळे झालेले, नेहमीच्या वापराच्या झिजेपलीकडचे नुकसान भाडेकरू स्वखर्चाने दुरुस्त करील. तक्रार आल्यास मालक ती लेखी कळवील व ती दूर करण्यास भाडेकरूला 30 दिवस देईल.’

‘नूतनीकरणाच्या’ हा शब्द गाळू नका, नाहीतर वर्षभराने हीच बोलणी पुन्हा. ‘मालकाच्या मर्जीपर्यंत’ किंवा ‘संमती केव्हाही मागे घेता येईल’ असं काही लिहिलेलं असेल तर ते काढायला लावा. आणि ‘झीज’ म्हणजे काय यावरही दोन वाक्यं बोलून घ्या. जमिनीवरची चकाकी थोडी उतरणं ही झीज, दारावरचे नखांचे चर हे नुकसान.

सही करण्याआधी घर झिपरी आणि गुंड्याच्या नजरेनेही बघा. लाइट बंद करून 365 ते 395 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च कोपऱ्यांत आणि दाराच्या चौकटींवर फिरवा. जुने मुताचे डाग पिवळसर चमकतात. (इतरही काही गोष्टी चमकतात, तेव्हा नाकाने खात्री करा.) असे डाग सापडले तर फोटो काढून मालकांना दाखवा. नाहीतर एक म्हणजे ते तुमच्या माथी येतील, दुसरं म्हणजे त्या वासाने गुंड्याही तिथेच जाईल. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी आहे का, नसेल तर बसवायला परवानगी आहे का हे विचारा. जाळीची भोकं 5 सेंटिमीटरहून मोठी नकोत. मांजर उंचावरून पडत नाही ही नुसती समजूत आहे. उंदरांचं औषध कुठे टाकलंय का हेही विचारा. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारच्या विषाची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर कुत्री ठणठणीत वाटते. तुम्ही येण्याआधी मालक फवारणी करून घेणार असतील तर त्यात पर्मेथ्रिन आहे का ते बघा. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला घातक आहे. फवारा पूर्ण वाळून घर हवेशीर होईपर्यंत गुंड्या आत जाता कामा नये. आणि रात्री अकरा वाजता झिपरीला कुठे न्यायचं? त्या वेळी एकदा स्वतः तिथे उभे राहून बघा.

किल्ली हातात आली की सामान आत यायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. भिंती दिसतील असे दुरून घ्याच, पण दारांची खालची बाजू, चौकटी, जमिनीचे सांधे आणि खिडक्यांच्या कडा जवळूनही घ्या. ते त्याच दिवशी मालकांना मेल करा, म्हणजे तारखेवरून वाद नको. दारांच्या खालच्या भागावर पारदर्शक प्लास्टिकची शीट लावून टाका, सोडताना काढता येते. गुंड्याला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, त्याच्या जुन्या, न धुतलेल्या चादरीसह. नव्या जागेच्या धास्तीने मांजर ट्रेबाहेर जातं ते याच दिवसांत, आणि अख्ख्या घराऐवजी एकाच खोलीत लक्ष ठेवणं सोपं. कुठे ओलं झालंच तर आधी टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमवालं क्लीनर ओतून बाटलीवर दिलेला वेळ ते ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. त्याआधी फिनेल किंवा दुसरं जंतुनाशक वापरलं तर एन्झाइम काम करत नाहीत. अमोनियावालं काही वापरलंत तर मांजराला तो वास मुतासारखाच वाटतो. ब्लीच तर अजिबात नको, मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो.

वेळेचं गणित शेवटी, पण उशिरा करू नका. पहिला आठवडा कागद आणि भुंकण्याची मोजणी. मांजराला नको म्हणणाऱ्या मालकांकडे त्याच आठवड्याच्या शेवटी फाइल घेऊन जा आणि विचारा, ‘मांजराचा आधीचा अनुभव काय होता?’ त्यांना बोलू द्या. मग नसबंदीचा कागद दाखवा, तुमचं घर बघायला बोलवा. सहाव्या आठवड्यापर्यंत काही जमलं नाही तर सध्याच्या मालकांकडे थोडी मुदतवाढ लेखी मागा. विक्रीचा व्यवहार दोन महिन्यांत पुरा होतोच असं नाही, आणि रिकाम्या घराऐवजी भाडं देणारं कुणी असलेलं त्यांनाही बरं. त्याच वेळी एखादा नातेवाईक किंवा मित्र झिपरी आणि गुंड्याला चार-सहा आठवडे ठेवून घेईल का हे विचारून ठेवा. तारखा ठरवून, खर्च तुमचा, लसीच्या कार्डाची प्रत आणि दवाखान्याचा नंबर त्यांच्याकडे देऊन. हे सोडून देणं नाही. फक्त तसं केलंत तर नव्या मालकांना सांगताना दोघांचीही नावं पहिल्या दिवसापासून करारात हवीत, ती मंडळी अजून दुसऱ्याच्या घरी असली तरी.